कोयनेचं पाणी आज सोडायचं की उद्या?

सप्रेम नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीस वर्षं लाइनमन म्हणून खांबावर चढलात, कराडजवळ राहता, लेक इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आता तिला वीज खरेदी-विक्रीच्या कामात जायचंय. तुम्ही विचारता, ‘हा तर सट्टा, त्यासाठी इंजिनिअर कशाला व्हायचं?’

सट्टा नाही, दादा. कोयना तुमच्या उशाशी आहे, तिच्यावरूनच सांगतो.

कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट. यंत्रं काही मिनिटांत भार उचलतात, पण वीज बनवायला पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर (म्हणजे अब्ज घनफुटांवर) बांधून दिलंय. आता एप्रिलमधली संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. सूर्य मावळला, सौर वीज संपली, घराघरांत दिवे, पंखे, एसी लागले. शेजारची राज्यंही त्याच वेळी वीज शोधतायत आणि एक्स्चेंजवरचा, म्हणजे वीज खरेदी-विक्रीच्या बाजारातला भाव युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकलाय. पाणी आत्ता वापरायचं, की मे महिन्यासाठी राखून महागाची वीज घ्यायची? अंदाज चुकला तर फिडर बंद होतात आणि लोकांची बोलणी कोण खातं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्याला यंत्र, लाइन, पाणी आणि हवामान कळतं, त्यालाच हा निर्णय घेता येतो.

काम कसं चालतं तेही सांगतो. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ भाग पाडतात. उद्याच्या प्रत्येक भागात राज्याला किती वीज लागेल, करारांतून किती मिळेल, याचा हिशेब मांडून उरलेल्यासाठी आज दुपारी बाराच्या आत बोली लावायची. वीज जास्त असेल तर विकायची. जून २०२० पासून दर अर्ध्या तासाला लिलाव होणारा बाजारही आहे, त्यामुळे ऐनवेळची चूक थोडी सावरता येते. तरीही ठरल्यापेक्षा जास्त ओढलं तर भुर्दंड बसतो, कारण एका राज्याच्या ओढाताणीने सगळ्या ग्रिडची ५० हर्ट्‌झची लय बिघडते.

नोकऱ्या आहेत. महावितरणचा वीज खरेदी विभाग, राज्यातली विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवणारं ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगडसह आपला पश्चिम विभाग सांभाळणारं मुंबईतलं केंद्र, वीज व्यापार करणाऱ्या कंपन्या, सौर-पवन प्रकल्पांसाठी निर्मितीचा अंदाज बांधणाऱ्या संस्था. देशाची ग्रिड सांभाळणाऱ्या केंद्र सरकारच्या ग्रिड-इंडिया कंपनीत जायचं तर गेट परीक्षेची तयारी आत्तापासून हवी. संख्याशास्त्र आणि पायथन तिने मन लावून शिकावं, २००३ चा वीज कायदा एकदा मूळातून वाचावा. भार प्रेषण केंद्रात मात्र रात्रपाळी चुकत नाही. घरच्यांनी हे आधीच मान्य केलेलं बरं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक वही. भार प्रेषण केंद्राच्या संकेतस्थळावर राज्याची मागणी दिसते, एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर प्रत्येक भागाचा भाव. पंधरा दिवस तिने सकाळी ११, दुपारी ३, संध्याकाळी साडेसात आणि रात्री ११ चे आकडे लिहावेत. आदल्या रात्री स्वतःचा अंदाज लिहायचा, दुसऱ्या दिवशी खरा आकडा शेजारी मांडायचा, आणि चुकलं तर का चुकलं ते एका ओळीत.

त्या ‘का’पाशी ती अडेल तेव्हा तुम्ही शेजारी बसा. वळीव पडला की कोणत्या फिडरवरचे पंप आधी बंद होतात, उसाला पाणी द्यायच्या दिवसांत भार कधी चढतो, लग्नसराईत गावाचा लोड किती वाढतो, हे तिला तुम्हीच सांगू शकाल. पंधरा दिवसांनी ती वही मला दाखवायला घेऊन या. तिची आणि तुमची, दोघांचीही अक्षरं त्यात दिसू देत.