सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज मोडून केअर होमचं डिपॉझिट भरावं का?

नागपूरच्या मानेवाड्याहून एका वाचकांनी विचारलंय: वडील ७९ वर्षांचे, पक्षाघातानंतर उजवी बाजू लुळी पडलीय. वर्धा रोडवरची एक संस्था ५ लाख डिपॉझिट आणि महिना ३८,००० मागतेय, 'चोवीस तास नर्सिंग'सह. वडिलांना २४,००० पेन्शन. त्यांचे १५ लाख १४ महिन्यांपूर्वी ८.२ टक्क्यांनी सीनियर सिटिझन सेव्हिंग्जमध्ये (ज्येष्ठांसाठीची सरकारी बचत योजना) टाकलेत, ६ लाखांची एफडी आहे. डिपॉझिटसाठी सेव्हिंग्ज मोडू का?

मोडू नका. त्या खात्यातून लागतील तेवढेच पैसे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्ष झाल्यावर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का कापतात, म्हणजे २२,५०० तिथेच गेले. वर दर तिमाहीला येणारं ३०,७५० व्याज थांबेल. पेन्शन आणि हे व्याज मिळून महिन्याला ३४,२५० होतात. संस्थेचा खर्च त्यातही बसत नाही, आणि तुम्ही पाठवलेल्या पत्रकात तळाशी डायपर, औषधं, फिजिओ 'वेगळे' लिहिलेत, ते बघा.

आता त्या 'नर्सिंग'चं. बाबांना आंघोळ, कपडे, भरवणं, डायपर, खुर्चीत बसवणं एवढी मदत लागते, असं तुम्हीच लिहिलंय. नळी नाही, इंजेक्शन नाही, पाठीला जखम नाही. मग हे काम अटेंडंटचं. दवाखान्यात ज्यांना आपण मामा-मावशी म्हणतो, त्यांचं. संस्था त्यांना जीडीए (जनरल ड्युटी असिस्टंट) म्हणतात, कोर्स काही महिन्यांचा. नर्स म्हणजे २ वर्षांची एएनएम, ३ वर्षांची जीएनएम किंवा ४ वर्षांची बीएस्सी, आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. कॅथेटर (लघवीची नळी), राइल्स ट्यूब (नाकातून भरवायची नळी), बेडसोअरचं ड्रेसिंग असेल तर नर्स हवीच. संस्थेला सरळ विचारा: रात्री दोन वाजता ड्युटीवर कोण असतं, किती पेशंटमागे, आणि नोंदणी क्रमांक दाखवाल का? निळा ड्रेस घातला की आपण कुणालाही सिस्टर म्हणतो, बिलही मग सिस्टरचंच लागतं.

मेडिक्लेमवर विसंबू नका. आंघोळ-कपड्यांसारखी कस्टोडियल केअर, घरी असो की संस्थेत, पॉलिसीच्या ठरावीक वगळणुकांमध्ये येते. काम नर्सने केलं तरीही.

घरी अटेंडंट पाठवणाऱ्या ब्युरोने दिवसपाळीचे महिना १८,००० सांगितलेत ना? ते घ्या. १६,२५० उरतात, त्यात औषधं आणि फिजिओ भागेल. रात्र तुम्ही आणि वहिनींनी सांभाळायची आहे, आणि खरी कसोटी तिथेच आहे, हिशेबात नाही. दोघंही नोकरीवाले असाल आणि झेपत नसेल तर संस्थेचा विचार जरूर करा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त आधी महिनाभर डिपॉझिटशिवाय ठेवतात का विचारा. भरायचंच झालं तर एफडीतून भरा, आणि पेशंट परत नेला किंवा दगावला तर किती दिवसांत, किती कापून पैसे मिळतील, हे सहीशिक्क्यासह लिहून घ्या.