विषाणूचं आवरण आपल्याच पेशीचं, मग त्यातली लिपिडं वेगळी का?

तुमचं म्हणणं असं की विषाणूला स्वतःला मेद, म्हणजे लिपिडं, बनवता येत नाहीत, आवरण तो पेशीकडूनच उचलतो, मग दोन्हीकडची लिपिडं सारखीच असायला हवीत. मी माटुंग्याला बीएस्सीच्या मुलांना हा भाग शिकवते. दरवर्षी निम्मा वर्ग हेच म्हणतो, आणि फसतो.

पेशीत पडदा एकच नसतो. बाहेरच्या पेशीपटलात साधारण तीन लिपिड रेणूंमागे एक कोलेस्टेरॉलचा असतो, आतल्या एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये (पेशीच्या आतलं पडद्यांचं जाळं) शंभरात जेमतेम पाच. फ्लू आणि एचआयव्ही पेशीपटलातून बाहेर पडतात. डेंग्यू रेटिक्युलममध्येच आवरण चढवतो, तर कोविडचा विषाणू रेटिक्युलम आणि गॉल्जी (पेशीच्या आतली चपट्या पिशव्यांची चळत) यांच्या मधल्या कप्प्यांत. म्हणून फ्लूच्या आवरणात कोलेस्टेरॉल भरपूर, कोविडच्या आवरणात कमी. मंगळदास मार्केटमधून कापड आणलं एवढं सांगून भागत नाही, कुठल्या गाळ्यावरून ते सांगावं लागतं.

खरी गंमत पुढे आहे. गाळा एकच धरला तरी विषाणू मिळेल तो तुकडा घेत नाही. २००६ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी एचआयव्हीची लिपिडं मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र) मोजली, तेव्हा स्फिंगोमायलिन नावाचं लिपिड आणि त्याचं डायहायड्रो रूप त्यात पेशीच्या मानाने खूपच जास्त निघालं. ही निवड करतं कोण? बऱ्याच अंशी विषाणूचीच गॅग नावाची प्रथिनं. ती पटलाच्या आतल्या बाजूला पीआयपी-टू नावाच्या लिपिडला चिकटतात, एकत्र जमतात आणि आजूबाजूची हवी ती लिपिडं तिथे अडकवून ठेवतात. पूर्वी आम्ही शिकवायचो की पटलावर कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोमायलिनचे तयार 'लिपिड राफ्ट', म्हणजे तराफे, असतात आणि विषाणू तिथे जाऊन बसतो. आता मला तो स्वतःच तराफा बांधतो हे जास्त पटतं. आणि हे कोलेस्टेरॉल शोभेचं नाही: सायक्लोडेक्स्ट्रिनने (कोलेस्टेरॉल ओढून घेणारं साखरेचं कडं) ते काढून घेतलं की एचआयव्हीची संसर्ग करण्याची ताकद घसरते.

आणखी एक फरक बाजूंचा. पडद्याला आतला आणि बाहेरचा असे दोन थर असतात, आणि निरोगी पेशी फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं लिपिड आतल्या थरात ठेवते. ते बाहेर दिसलं की 'ही पेशी मरतेय, गिळून टाका' असा निरोप भक्षक पेशींना जातो. डेंग्यू, इबोला हे लिपिड बाहेर मिरवतात आणि मेल्याचं सोंग घेऊन आत शिरतात. मुंबईत पावसाळ्यात ज्याच्या नावाने घरोघरी बादल्या पालथ्या घालतो, तोच हा डेंग्यू.

साबणाला मात्र या बारकाव्यांशी घेणंदेणं नाही, तो विषाणूचा आणि पेशीचा, दोन्ही पडदे फोडतो. आपल्या हातावर वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो म्हणून आपण वाचतो.

मागे एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, 'मॅडम, मग तूप-अंडी सोडली तर विषाणूची उपासमार होईल का?' नाही रे बाबा. पेशी आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवते.