हौद घासून लख्ख केला आणि मासे दगावले

प्रश्न : ताई, आमच्या अंगणात सिमेंटचा हौद आहे, साधारण 1,700 लिटरचा. त्यात गोल्डफिश आणि कोई मिळून अकरा मासे होते, दोन वर्षं छान वाढले. भिंतींवर शेवाळ फार झालं म्हणून गेल्या रविवारी हौद रिकामा केला, भिंती ब्रशने घासल्या, लाल दवा (पोटॅशियम परमँगनेट) टाकून सगळं धुतलं, फिल्टरचा स्पंजही उन्हात वाळवला. नर्मदेच्या नळाचं पाणी भरलं, दोन दिवस तसंच ठेवलं, मगच मासे सोडले. तीन दिवस ठीक होते. मग वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. चार गेले. पाणी तर काचेसारखं आहे!
(एक वाचक, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : मासे तीन दिवस तगले, यावरूनच कारण बरंचसं कळतं. जलूदहून येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यातल्या क्लोरीनने मारलं असतं तर काही तासांतच त्रास दिसला असता. तुम्ही पाणी दोन दिवस उघडं ठेवलंत, ते योग्यच केलंत. मासे मेले ते बहुधा त्यांच्या स्वतःच्याच अमोनियाने.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं कुजलं की त्यात आणखी भर पडते. तुमच्या हौदात हा अमोनिया दोन वर्षं साचला नाही, कारण भिंतींवरच्या बुळबुळीत थरात आणि स्पंजात जिवाणूंची वस्ती होती. नायट्रोसोमोनास गटातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र मासे बरंच सहन करतात. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत, पृष्ठभागाला चिकटून राहतात. ब्रश, लाल दवा आणि ऊन या तिन्हींनी ती वस्तीच उठली. अमोनियाला रंग नसतो, म्हणून पाणी काचेसारखं दिसलं.

पुन्हा वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना अर्धा-एक दिवस लागतो. थंडीत त्याहून जास्त.

आज करायचं ते असं. खाणं दोन-तीन दिवस पूर्ण बंद. कोईला उपास सोसतो, काळजी करू नका. रोज पाव हौद पाणी बदला. नवं पाणी आदल्या दिवशी टंकीत काढून, हवेचा पंप लावून ठेवा, किंवा मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध पाकिटावरच्या मापाने घाला. हौदातला हवेचा पंप रात्रंदिवस चालू हवा, कारण हे जिवाणू ऑक्सिजन भरपूर खातात. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचं किट घ्याच, दोन्ही शून्य यायला हवेत. नायट्राइट दिसू लागलं तर हजार लिटरला एक किलो जाडं मीठ विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून रक्तात शिरू देत नाही. अमोनियावर मात्र मिठाचा उपयोग नाही.

पीएचही बघा, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे ते. 25 अंशांना पीएच 7 असेल तर अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, 8 ला पाच टक्के, आणि 9 ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. हिरव्या पाण्याचा पीएच उन्हात दुपारी चढतो. म्हणून सकाळी शांत दिसणारा हौद दुपारी घातक ठरू शकतो, आणि मोजायचं ते दुपारी चारच्या सुमारास.

वस्ती लवकर बसवायचा मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय फुकट आहे. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी माशांचा टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा. त्याच टँकच्या पाण्यात बुडवून आणा, वाटेत वाळू देऊ नका, आणि आल्याबरोबर तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. चांगला स्पंज नाकाला कळतो. माझ्या अंगणातल्या हौदाचा स्पंज पिळला की तपकिरी गाळ निघतो आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर आत हवा पोचत नाहीये, तो स्पंज घेऊ नका. स्पंज धुवायचा तो बादलीत काढलेल्या हौदाच्याच पाण्यात, नळाखाली कधीच नाही. आणि भिंतीवरचं शेवाळ खुशाल राहू द्या! पाण्यात लोंबणारं तेवढं हाताने ओढून काढा.

बाटलीतले जिवाणू घ्यायचे असतील तर नाव वाचा. पुष्कळ बाटल्यांत बॅसिलस असतात. ते गाळ कुजवतात, पण अमोनियाचं नायट्रेट करण्याचं हे काम त्यांचं नव्हे. ते बीजाणू करून तग धरतात, नायट्रोसोमोनास तसं करू शकत नाहीत, म्हणून मे महिन्यात तापलेल्या दुकानात पडून राहिलेल्या बाटलीवर मी पैसे घालणार नाही.

प्रश्न : कोईची पिल्लं फार झाली. सिरपूर तलावात सोडली तर चालेल का?

उत्तर : कृपा करून नको. सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहेत. कोई तळ उकरून पाणी गढूळ करतात, पाणवनस्पती उपटतात, आणि आपल्या हौदातले रोगही त्यांच्याबरोबर तिथे जातात. दुकानदाराला परत द्या किंवा मोठा हौद असलेल्या कुणाला द्या, आणि पुढच्या वेळी अंडी दिसताच काढून टाका.