ग्लोव्ह बॉक्सचा तुटलेला कान

प्रश्न : माझ्या मोटारीतील ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाचा, बिजागरीजवळचा प्लास्टिकचा कान तुटला आहे. सुपरग्लूने चिकटवला, तरी पुन्हा निसटतो. घरच्या घरी पक्की दुरुस्ती होईल का?

उत्तर : होईल, मात्र आधी प्लास्टिक ओळखावे. झाकणाच्या आतल्या बाजूस ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’ अशी बारीक रोमन अक्षरे बहुधा उठवलेली असतात. एबीएस हे टणक प्लास्टिक, तर पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. पीपीवर साधा सुपरग्लू धरतच नाही, त्यासाठी प्रायमरसह (आधी लावायच्या द्रवासह) मिळणारा खास सुपरग्लू लागतो. एबीएस असल्यास जुना गोंद खरवडून कडा सँडपेपरने खरखरीत कराव्यात आणि दोन घटक मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद वापरावा. झाकण उघडताना सगळा ताण या कानावरच येत असल्याने नुसत्या सांध्यावर विसंबू नये : दोन्ही तुकड्यांत समोरासमोर १ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात पोलादी तारेचा तुकडा बसवावा, मग इपॉक्सी भरून २४ तास हात लावू नये. हे काम झाकण बाहेर काढूनच करावे, कारण सुपरग्लू वापरल्यास त्याच्या वाफेने गडद प्लास्टिकवर पांढरट थर बसतो. डॅशबोर्डचे इतर भाग मात्र उचकटू नयेत. प्रवाशाच्या बाजूची एअरबॅग बहुतेक मोटारींत तिथेच, ग्लोव्ह बॉक्सच्या वर असते.