उडालेलं पान आणि गेम सर्व्हरचं करिअर

(बारामतीहून पुण्यात शिकायला आलेल्या, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याचं पत्र आहे. थोडक्यात देतो: "सर, उन्हाळ्यात दोन महिने एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप केली. ते ऑनलाइन मल्टिप्लेअर गेमसाठी सर्व्हर सॉफ्टवेअर बनवतात. शेवटच्या पंधरवड्यात कोडिंग बाजूला ठेवून मला कंपनीच्या सॉफ्टवेअरचं विकिपीडियावर पान करायला सांगितलं. केलं. दोन दिवसांत त्यावर जाहिरातीचा शिक्का बसला आणि पान उडालं. बॉस म्हणतात, दुसऱ्या नावानं खातं काढून परत टाक. मी टाळतोय. मला याच क्षेत्रात जायचं आहे, पण शिकू काय? ज्याची वेबसाइट उघडावी तो म्हणतो आम्हीच सर्वोत्तम. मित्र म्हणतात गेमिंगवर बंदी आलीय, त्या वाटेला जाऊ नकोस." खाली आईच्या दोन ओळी: "हा रात्री दोनपर्यंत जागतो आणि म्हणतो अभ्यास करतोय. खरं काय ते तुम्हीच सांगा.")

प्रिय मित्रा,

दुसऱ्या नावानं पान टाकू नकोस. पैसे किंवा इतर मोबदला घेऊन विकिपीडियावर लिहिणाऱ्यानं ते उघड सांगितलं पाहिजे, ही अट २०१४ पासून त्यांच्या वापराच्या अटींमध्येच आहे. इंटर्नशिपचं सर्टिफिकेट हा मोबदला नाही का, यावर वाद घालता येईल, पण तू घालू नकोस. खोटी खाती पकडणारे लोक तिथे चिकाटीनं बसलेले असतात आणि एकदा बंदी आली की ती तुझ्या माथी येते, बॉसच्या नाही. त्यांना सांग, "सर, ज्यांचा आपल्याशी संबंध नाही अशा दोन-तीन ठिकाणी आपल्याबद्दल सविस्तर लिहून आलं की पान आपोआप कुणीतरी करेल." हे खरंही आहे आणि उद्धटही नाही.

तू मसुदा सोबत जोडलास हे बरं केलंस. वाचला. भाषा चांगली आहे, घोटाळा वेगळाच आहे. तिसऱ्याच ओळीत तू लिहितोस, "अत्यंत वेगवान आणि लाखो खेळाडूंना सहज सांभाळणारे." लाखो म्हणजे कोणते लाखो? आजवर नोंदणी केलेले, महिन्यातून एकदा तरी येऊन गेलेले, की एकाच क्षणी सर्व्हरला जोडलेले? या तीन आकड्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. एकाच क्षणी जोडलेले असतील तर ते खरे खेळाडू होते की चाचणीसाठी सोडलेले बॉट, म्हणजे खेळाडूचं सोंग घेणारे प्रोग्रॅम? बॉट असतील तर पळत-गोळ्या झाडत होते, की नुसते उभे होते? मोजलं कुणी, कोणत्या मशिनवर? तुझ्या मसुद्यातले सातही संदर्भ कंपनीच्याच ब्लॉगचे आहेत. मुलगी बघायला गेल्यावर तिची चौकशी फक्त तिच्या मावशीकडे करावी, तसं हे झालं.

आता गंमत बघ. तुझे दोन प्रश्न, पान का उडालं आणि कोणतं सॉफ्टवेअर शिकू, हे मुळात एकच आहेत. विश्वकोशातली नोंद लिहिणारा जे विचारतो, तेच या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्यानं विचारायचं असतं: हे कुणी केलं, कधी, कोणत्या परवान्यावर, नेमकं काय करतं, काय करत नाही, आणि बाहेरच्या कुणी ते वापरून काय सांगितलं.

त्या नजरेनं तुझ्या यादीकडे पाहू. तू युनिटी, फोटॉन, गोडो, नाकामा, ॲगोनेस ही नावं एका ओळीत लिहून "यातलं कोणतं?" असं विचारलंयस. हा प्रश्न "भात, कुकर, गॅस आणि वाढपी यांतलं कोणतं चांगलं?" असा आहे. युनिटी आणि गोडो ही गेम इंजिनं: चित्र, आवाज, हालचाल, आणि सोबत नेटवर्किंगची थोडीफार सोय. जर्मनीतल्या एक्झिट गेम्स कंपनीचं फोटॉन खेळाडूंना एका खोलीत आणून त्यांचे संदेश एकमेकांकडे पोचवतं आणि पैसे एका वेळी जोडलेल्या खेळाडूंच्या हिशेबानं घेतं. नाकामा हा गो भाषेत लिहिलेला, अपाची परवान्यावर खुला असलेला सर्व्हर: लॉगिन, मित्रयादी, गुणतक्ते, सामन्यासाठी खेळाडूंच्या जोड्या लावणं. ॲगोनेस तर गेमबद्दल काही जाणतच नाही. गूगल आणि युबिसॉफ्टनं २०१८ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर कुबरनेटीसवर (अनेक मशिनवर प्रोग्रॅम चालवणारी, सांभाळणारी व्यवस्था) गेमचे सर्व्हर हवे तेव्हा उभे करतं आणि सामना संपला की आवरतं. एकाच गेममध्ये यातली तीन-चार एकत्र नांदू शकतात.

कोणत्याही एका नावाशी लग्न लावू नकोस, हे मी ठासून सांगतो. युनिटीचं स्वतःचं यूनेट नावाचं नेटवर्किंग होतं, लोकांनी त्यावर गेम उभे केले, आणि २०१८ मध्ये कंपनीनं ते बंद करत असल्याचं सांगितलं. गेमस्पाय ही एके काळी शेकडो गेमना ऑनलाइन जोडणारी सेवा. २०१४ मध्ये ती बंद पडली आणि ज्यांनी दुसरी सोय केली नव्हती त्यांचं ऑनलाइन खेळणं थांबलं. युनिटीनंच सप्टेंबर २०२३ मध्ये गेमच्या इन्स्टॉलवर शुल्क लावायचं जाहीर केलं, जगभर बोंब झाली, आणि वर्षभरानं ते मागे घेतलं. तुझी नोकरी पस्तीस वर्षांची असणार. यातलं कुठलं सॉफ्टवेअर तेवढं जगेल यावर मी पैज लावणार नाही.

जगतात ते त्याखालचे प्रश्न. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉनं 'मड' हा अनेकांनी एकत्र खेळायचा, निव्वळ मजकुराचा खेळ लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलनं तो पुढे नेला. तेव्हाही प्रश्न हाच होता: दहा जण एकाच जगात असताना खरं काय घडलं, हे ठरवायचं कुणी?

गल्ली क्रिकेट आठव. अंपायर बॅटिंग करणाऱ्या टीमचाच असतो आणि रनआउट कधीच आउट नसतो. एका खेळाडूच्याच मशिनला यजमान केलं की हेच होतं: त्याला लॅग, म्हणजे नेटवर्कचा उशीर, शून्य, आणि मनात आलं तर लबाडीही करता येते. म्हणून स्पर्धेच्या गेममध्ये निर्णय वेगळ्या सर्व्हरकडे देतात. खेळाडूचा फोन फक्त सांगतो, "मी उजवीकडे ढकललं, मी ट्रिगर दाबला." गोळी लागली की नाही ते सर्व्हर सांगतो.

पण मग उशीर होतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पुण्याहून सिंगापूर अंदाजे ४ हजार किलोमीटर, म्हणजे अगदी सरळ तार टाकली तरी जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद. प्रत्यक्षात तार सरळ नसते, मधे राउटर असतात, हॉस्टेलचं वायफाय असतं, म्हणून आकडा वाढतोच. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या गेममध्ये एक चित्र १७ मिलिसेकंदांहून कमी टिकतं. सर्व्हरचा होकार येईपर्यंत थांबलास तर तुझा खेळाडू दारू प्यायल्यासारखा चालेल. मुंबईत २०१६ पासून ॲमेझॉनचं क्लाउड केंद्र असल्यानं आपल्याकडच्या खेळाडूंसाठी हे अंतर पुष्कळ घटलं, पण शून्य झालं नाही आणि होणारही नाही.

यावर क्वेक या गोळीबाराच्या गेमचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यानं १९९६ मध्ये त्याच्या ऑनलाइन आवृत्तीत, क्वेकवर्ल्डमध्ये, केलेला उपाय आजही वापरात आहे. बटण दाबताच तुझं मशिन होकाराची वाट न पाहता खेळाडूला पुढे नेतं. सर्व्हरचं उत्तर आल्यावर ताडून बघतं. जुळलं तर ठीक, नाही तर दुरुस्ती करतं. मोबाइलवर खेळताना पुढे गेलेला गडी अचानक मागे खेचला जातो ना, ती हीच दुरुस्ती. उलट १९९७ च्या एज ऑफ एम्पायर्स या युद्धाच्या गेमनं दुसरा रस्ता धरला. शेकडो सैनिकांच्या जागा २८.८ केबीपीएस मोडेमवरून पाठवणं अशक्यच, म्हणून फक्त आज्ञा पाठवायच्या आणि सगळी युद्धभूमी प्रत्येक मशिननं स्वतः, तंतोतंत सारखी हिशेबायची. हिशेबात एका दशांशाचा फरक पडला की दोघांची युद्धं वेगवेगळी होऊन बसतात. आता कोणत्याही नव्या सॉफ्टवेअरची वेबसाइट उघड आणि विचार: हे या दोन्हींपैकी कशाची सोय करतं? निम्मी विशेषणं तिथेच गळून पडतील.

आता मित्रांच्या बंदीबद्दल. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात बंदी आहे ती पैसे लावून खेळायच्या गेमवर. ई-स्पोर्ट्स आणि मनोरंजनाचे गेम त्यात येत नाहीत, उलट त्यांना उत्तेजन द्यायचं असंच कायदा म्हणतो. रमी आणि फँटसीवाल्या कंपन्यांतल्या लोकांना झळ बसली हे खरं. तुझ्या इंटर्नशिपवाल्या कंपनीचे ग्राहक कोण होते, हे मात्र नीट विचारून घे. सर्व्हर विकणाऱ्याचं पोट गेमवाल्यांच्या धंद्यावर असतं.

पुण्यात संधी आहे का? आहे, पण मोजकी. युबिसॉफ्टचा स्टुडिओ इथे २००८ पासून आहे. सुपरगेमिंग पुण्याची, मास्कगन आणि इंडस हे त्यांचे मल्टिप्लेअर गेम. राजी हा २०२० मध्ये आलेला गेम करणारा नॉडिंग हेड्सही इथलाच, पण तो एकट्यानं खेळायचा गेम, तुझ्या कामाचा भाग त्यात नाही. हिंजवडीत आयटीच्या ज्या रांगा आहेत तसं इथल्या गेम स्टुडिओंचं नाही. म्हणून "गेम कंपनीतच नोकरी" असा हट्ट धरलास तर माझं मत प्रतिकूल आहे. "एकाच वेळी हजारो जोडण्या सांभाळणारा, मिलिसेकंद मोजणारा सर्व्हर लिहिणारा इंजिनिअर" अशी ओळख केलीस, तर चॅट, शेअर बाजार, टॅक्सीची ॲप, पेमेंट, सगळीकडे दार उघडं राहतं आणि गेमचंही बंद होत नाही.

पुढच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टसाठी एक काम सुचवतो. सोपं दिसतं, तसं नाही. गोडोमध्ये दोन फोनवर खेळायची सापशिडी कर. गोडो २०१४ पासून एमआयटी परवान्यावर खुलं आहे, कुणी शुल्क मागणार नाही. फासा सर्व्हरनंच टाकायचा, फोननं नाही. मग सोंगटी घराघरांतून सरकताना दोन्ही फोनवर एकसारखी दिसली पाहिजे. हे जमलं की लिनक्सवर नेटएम (नेटवर्क मुद्दाम बिघडवून बघायचं साधन) वापरून १५० मिलिसेकंद उशीर घाल, शंभरातली पाच पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) गहाळ कर, आणि काय मोडतं ते वायरशार्कमध्ये, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा दाखवणाऱ्या साधनात, बघ. टीसीपीवर (प्रत्येक पॅकेट क्रमानं पोचवण्याची हमी देणारी पद्धत) एक पॅकेट हरवलं की मागची सगळी का खोळंबतात आणि धावपळीचे गेम यूडीपी (अशी हमी न देणारी पद्धत) का वापरतात, हे परीक्षेत लिहिण्यापेक्षा इथे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की विसरणार नाहीस. सापशिडीला मात्र टीसीपी पुरतं. ते का पुरतं हेही व्हायव्हात सांगता आलं पाहिजे. हात बसला की क्वेकचा मूळ कोड वाच, तो १९९९ पासून जीपीएल या खुल्या परवान्याखाली उपलब्ध आहे. वाचताना डोकं दुखेल, दुखू दे.

दुसरं काम लिहिण्याचं. याच प्रोजेक्टच्या निमित्तानं तू वापरलेल्या कुठल्याही दोन सॉफ्टवेअरवर प्रत्येकी एक पान मराठीत लिही. एकही विशेषण नको, मोजलेला प्रत्येक आकडा कसा मोजला त्यासह. जे जमलं नाही तेही लिही. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, आणि ज्या सॉफ्टवेअरशी तुझा पैशाचा संबंध नाही, ज्यावर बाहेरच्यांनी भरपूर लिहिलंय, त्यांची पानं तिथे बिनधास्त सुधारता येतील. त्याचे पैसे मिळणार नाहीत, ते करिअर नाही. पण टेक्निकल रायटिंग हे करिअर आहे, आणि कोडही कळतो आणि सरळही लिहितो असा माणूस मुलाखतीत सापडला की घेणारा दोनदा विचार करत नाही. केतकरांच्या ज्ञानकोशाचा आणि वाईच्या विश्वकोशाचा वारसा सांगणाऱ्या आपल्या भाषेत गेम सर्व्हरवर एक धड नोंद असू नये, याची मला थोडी लाजही वाटते. असो.

आता आईसाठी. ताई, रात्री दोनपर्यंत जागणं मलाही पसंत नाही, आणि तो सगळा वेळ अभ्यासच करतो असं मी म्हणणार नाही. त्याचा खेळ आणि त्याचं काम एकाच स्क्रीनवर चालतं, म्हणून बाहेरून फरक दिसत नाही. दिवाळीत घरी आला की त्याची सापशिडी तुमच्या फोनवर टाकून घ्या आणि तो पुण्याला परतल्यावर बारामतीहून रोज एक डाव खेळा, रात्री साडेनऊला, त्यानंतर नाही. सोंगटी अडखळली की लगेच फोन करून कोणत्या घरावर अडखळली ते त्याला सांगा. हे त्याला हॉस्टेलवर बसून कळणार नाही.