उभ्या गाडीची बॅटरी नेमकं कोण खातं?

प्रश्न : माझी पेट्रोल कार सोसायटीत पंधरा-पंधरा दिवस उभी असते. नंतर सेल्फ मारला की नुसतं टक्-टक्. बॅटरी 45 अँपिअर-अवरची, दीड वर्षाची. गॅरेजवाले बदला म्हणतात. बदलू का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : इतक्यात नको. बॅटरी आपली आपण उतरते की गाडी तिला उतरवते, ते आधी पाहा. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे.

बॅटरी चार्जरवर पूर्ण चार्ज करा, काळी केबल सोडवा आणि रात्रभर थांबा. चार्जिंगनंतर लगेच दिसणारा आकडा फसवा असतो. सकाळी 12.6 ते 12.7 व्होल्ट दिसायला हवेत. केबल न जोडता पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. 12.5 च्या आसपास असेल तर बॅटरी आपणहून उतरत नाही. 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. तेवढी उतरली तर दोष बॅटरीतच, मग खुशाल बदला.

आमचा संशय मात्र गाडीवर आहे. मीटर 10 अँपिअरवर लावा, लाल वायर त्याच खाचेत घाला आणि सोडवलेली काळी केबल व निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा. बॉनेट उघडंच राहणार, म्हणून त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत पाडून ठेवा, म्हणजे गाडीला ते बंद वाटेल. (बॉनेट लावण्याआधी ते सोडवायला विसरू नका!) दारं लावून चावी लांब ठेवा. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल. गाडीतली कंट्रोल युनिट झोपायला अर्धा-पाऊण तास लागतो. मीटर जोडलेलं असेपर्यंत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

शेवटी 50 मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. 30 असेल तर पंधरा दिवसांत साधारण 11 अँपिअर-अवर जातात, गाडी सुरू होते. 150 असेल तर 54, म्हणजे तुमची बॅटरी संपलीच. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा धपकन खाली येईल, त्या लाइनीवर चोर. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली असेल तर दाराचं लॉकही पाडून ठेवा, नाहीतर आतला दिवा लागून आकडा बिघडेल. जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, बाहेरून बसवलेला स्टिरिओ आणि डिकीचा न विझणारा दिवा आधी तपासा.

प्रश्न : जुन्या जीपची बॅटरी काढून फरशीवर ठेवली की उतरते, हे खरं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : लाकडी पेटीतल्या बॅटऱ्यांच्या काळातली ही समजूत, आजच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशी काही करत नाही. तुमची पाण्याची बॅटरी असेल, तर तिच्या प्लेटांतल्या शिशात अँटिमनी असतं, त्यामुळे ती मेंटेनन्स-फ्रीपेक्षा लवकर उतरते. त्यात तापमान 10 अंशांनी वाढलं की उतरण्याचा वेग साधारण दुप्पट. तेव्हा एप्रिल-मेमध्ये ती पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. झाकणावर ॲसिडची ओल आणि धूळ असेल तर त्यातूनही करंट झिरपतो. बुचं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा. सोडा आत गेला तर ॲसिड मरतं.