भाकरीसाठी आलेल्यांची लेक

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र वाचलं. ऑफिसात डबा खाताना कुणीतरी ‘तांदळाच्या गोणीसाठी धर्म बदलणारी माणसं’ असं म्हणालं, बाकीचे हसले, आणि तू मान खाली घालून जेवत राहिलीस. तुझं आडनाव ऐकून तिथे कुणाला तू ख्रिस्ती असशील असं वाटलंच नव्हतं. आणि त्याच रविवारी देवळात, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, पाळकांची मुलगी म्हणून तुला पुढे बोलावून प्रार्थना करायला सांगितली. यातली खरी मी कुठली, असं तू विचारतेस.

आधी गप्प बसण्याबद्दल. येशूला धरून नेलं त्या रात्री अंगणातल्या शेकोटीपाशी त्याचा शिष्य पेत्र याच्या बोलण्यावरून लोकांनी ओळखलं की हा गालीलातला, येशूबरोबरचा. त्याने तीनदा कानांवर हात ठेवले. पुढे समुद्रकाठी प्रभूने त्याला तीनदा एवढंच विचारलं, की माझ्यावर प्रीती करतोस का, आणि आपली मेंढरं त्याच्या हवाली केली. त्या दुपारच्या गप्प बसण्यावरून तू कोण हे ठरवू नकोस.

मला जास्त काळजी वाटली ती तुझ्या पत्रातल्या पुढच्या ओळीची. तू लिहिलंस, ‘मी त्यांना सांगायला हवं होतं की आमच्यात कवी ना. वा. टिळक होऊन गेले, पंडिता रमाबाई होऊन गेल्या. ते काही पोटासाठी आले नव्हते.’ हे उत्तर तू दिलं नाहीस ते बरंच झालं.

टिळक आणि रमाबाई आपल्या ख्रिस्ती मंडळीचं भूषण आहेत, त्यात वादच नाही. पण त्यांना असं ढालीसारखं पुढे धरलं की त्या टेबलावरच्या माणसाचं म्हणणं आपण कबूल केल्यासारखं होतं: विद्वान, उच्चवर्णीय माणसाचा विश्वास तेवढा खरा आणि उपाशी माणसाचा खोटा. मग तुझ्या खापरपणजीचं काय? १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आपल्या नगर जिल्ह्याने सोसला. त्या काळात आणि त्यानंतर महार आणि मांग वस्त्यांमधली कितीतरी कुटुंबं मंडळीत आली. तुझं घराणं त्यातलंच, माझंही. होय, त्यांना भूक होती. गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नव्हते, त्यांच्या पोरांना इतर मुलांच्या शेजारी बसून शिकता येत नव्हतं. कुणीतरी त्यांना दारात घेतलं, खाऊ घातलं, अक्षरं शिकवली, आणि तुझीही किंमत देवाने मोजली आहे असं सांगितलं. यावर त्यांनी विश्वास ठेवला. यात लाज कसली? लाज वाटायची तर ज्यांनी त्यांना उपाशी आणि बाहेर ठेवलं त्यांना वाटावी. आपल्या प्रभूने पाच हजारांना जेवू घालताना, तुम्ही भाकरीसाठी आलात की वचनासाठी, असं आधी विचारलं नव्हतं. तुम्ही भाकरीसाठी आलात, हे दुसऱ्या दिवशी मात्र त्याने त्यांच्या तोंडावर सांगितलं, तेही जीवनाची भाकर देऊ करण्यासाठी.

आणि रमाबाईंचंच बघ. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तेव्हा इथल्या अनेकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. तिकडे ज्यांनी त्यांना आश्रय दिला होता, त्यांच्याशीही धर्ममतांवरून त्यांचे वाद झाले, कारण दुसऱ्याने घालून दिलेली चौकट त्या मुकाट्याने मानत नव्हत्या. १८९३ मध्ये विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदासदन या शाळेवरून पुण्यात वादळ उठलं आणि सल्लागार मंडळातले नामवंत बाजूला झाले. म्हणजे कौतुक करणारे आणि नावं ठेवणारे बरेचदा तेच. मग १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्या मुलींनी भरलं. तुझ्या टेबलावरच्या माणसाच्या हिशेबाने त्या सगळ्या भाकरीसाठी आलेल्याच ना? ज्या बाईला तू त्यांच्यापेक्षा वर बसवू पाहत होतीस, ती पुढे आयुष्यभर त्यांच्यातच राहिली.

लोकांच्या नजरेची भीती हे असं करते. तिच्यातून सुटायला म्हणून आपण आपल्याच माणसांकडे त्याच नजरेने बघू लागतो.

तुझी मैत्रीण म्हणते, ‘लोकांचा विचार सोड, तुला स्वतःबद्दल काय वाटतं तेच खरं.’ ती प्रेमाने म्हणते आहे, पण हा सल्ला तू घेऊ नयेस. तुला स्वतःबद्दल जे वाटतं ते तरी रोज एक कुठे आहे? पगारवाढ झाली की एक आणि साहेब ओरडले की दुसरं. करिंथ शहरातली ख्रिस्ती मंडळी प्रेषित पौलाला इतर सेवकांशी तोलून बघत होती. तेव्हा त्याने लिहिलं, की तुम्ही माझा न्याय करता याचं मला फारसं काही वाटत नाही. आणि लगेच पुढे लिहिलं, की मी स्वतःचाही न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. या दुसऱ्या वाक्यावर मी अनेक वर्षं थांबते आहे. लोकांना न्यायासनावरून उठवून त्याने तिथे स्वतःला बसवलं नाही.

मग मी कोण हे सांगायचं कुणी? यार्देन नदीवर येशू पाण्यातून वर आला आणि आकाशवाणी झाली, की तू माझा परमप्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. मार्क आपल्या शुभवर्तमानात हे पहिल्याच अध्यायात सांगतो. तोवर येशूने एकही आजारी बरा केला नव्हता, एक प्रवचन दिलं नव्हतं. कामाआधीच बापाची पसंती मिळाली होती. म्हणूनच पुढे कुणी त्याला खादाड आणि दारूबाज म्हटलं, कुणी शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना हलकं मानत त्यांच्यातला, म्हटलं, घरच्यांना त्याचं डोकं फिरल्यासारखं वाटलं, गावकऱ्यांनी ‘हा सुतारच ना’ म्हणून नाक मुरडलं, तरी तो प्रत्येकाला पटवत बसला नाही. लोक मला कोण म्हणतात, हे त्याने शिष्यांना विचारलं. बाप्तिस्मा देणारा योहान, एलीया, कुणी संदेष्टा, अशी उत्तरं आली. ती दुरुस्त करायला त्याने कुणाला गावोगाव पाठवलं नाही. तुझा बाप्तिस्मा याच पसंतीत झाला आहे, आणि तो पाळकांच्या मुलीचा म्हणून नव्हे.

याचा अर्थ लोकांचं काहीच ऐकू नये असा काढू नकोस. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याच्या पापाबद्दल ‘तो मनुष्य तूच’ असं तोंडावर सांगितलं, आणि मी पाप केलं, असं दाविदाने कबूल केलं. जो तुझ्यावर प्रेम करतो आणि देवाला भितो, त्याचं कडू बोलणं ऐक. हसणाऱ्या टेबलाला तो मान देऊ नकोस.

चुलतभावाने हिंदू म्हणून जातीचा दाखला काढला, त्याबद्दल तू रागाने लिहिलंस. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच आहेत. म्हणून आपल्या कितीतरी घरांत कागदावर एक आणि देवळात एक अशी ओळख आहे. हा अन्याय आहे असं मी ठामपणे मानते. पण त्या मुलावर बोट रोखण्याआधी त्याच्या फीच्या पावत्या बघ. धर्म बदलला तरी जात त्याला कुणी विसरू दिलेली नाही, आणि खरं सांगायचं तर सोयरीक जुळवताना आपल्या मंडळीतही ती विचारली जातेच. ख्रिस्तात यहूदी आणि हेल्लेणी (म्हणजे ग्रीक), दास आणि स्वतंत्र हा भेद उरला नाही, हे आपण उपासनेत वाचतो. ते ऐकून घरी जाणाऱ्यांनाही कुणीतरी विचारायला हवं. तू विचार.

ऑफिसात भाषण देऊ नकोस. पुन्हा विषय निघाला तर ‘मी ख्रिस्ती आहे, आमचे लोक दुष्काळातच मंडळीत आले’ एवढं म्हण आणि जेव. जगातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांच्या वतीने उत्तर देण्याचं काम तुझं नाही. ‘म्हणजे तू मराठी नाहीस?’ असं कुणी विचारेल, तर ज्या भाषेत तो विचारतो त्याच भाषेत उत्तर दे. आणि दर रविवारी पुढे उभं राहायला जड जातं हे बाबांना सांग. ते मी सांगणार नाही, तुलाच सांगावं लागेल. मागच्या बाकावर बसावंसं वाटलं तर एखादा महिना बस.

नाताळला येशील तेव्हा करंज्या करताना आजीजवळ बस. तिच्या आजीकडून ऐकलेलं तिला बरंच आठवतं: कुठल्या गावाहून निघाले, वाटेत कोण गेलं, पहिल्यांदा शाळेत कुणाला घातलं. ते सगळं नावांसकट वहीत उतरवून घे, आणि मग ती वही मलाही वाचायला दे.

तुझ्या
बाई